होडीतली घडवंची

अठरा फुटी फायबरच्या होडीत बर्फाची पेटी कुठे आणि कशी ठेवायची, हा प्रश्न किनाऱ्यावर उभं राहून विचारला तर फालतू वाटतो. ठेवा कुठेही! पण मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदीचं पाणी बाहेर पडतं आणि दर्याची लाट आत येते, तिथे भरलेली पेटी एकदा या काठाला आणि एकदा त्या काठाला जायला लागली की मासे राहतात बाजूला. पाय सांभाळायचे की इंजिनाचा दांडा धरायचा, एवढंच सुचतं.

आमची होडी तशी साधी. पाठीला 9.9 हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, आत तीन बाक, तळाला फायबरखाली गाडलेल्या दोन उभ्या रिबा, म्हणजे तळ ताठ ठेवणाऱ्या लांबीच्या पट्ट्या. जाळं आम्ही लावत नाही. नोकरीच्या सुट्टीला मी आणि माझा चुलतभाऊ गरी टाकायला जातो. खडपाजवळ तांबोशी, गोबरा, मोसमात सुरमई. घरापुरतं ठेवून उरलेलं तारकर्लीच्या एका खानावळीत जातं, आणि तिथली बाई फार चोखंदळ. कल्ला उचलून लाल आहे का बघते, डोळा दाबून बघते, मग भाव बोलते. म्हणजे बर्फाशिवाय गत्यंतर नाही.

बर्फाची सोय प्रत्येकजण आपापल्या परीने करतो. मोठ्या ट्रॉलरना बर्फाचे खणच असतात. मधल्या होड्यांत मी मेलेल्या फ्रीजचं धूड आडवं टाकलेलं पाहिलंय: दार वर, आत बर्फ, वर गोणपाट. भंगारातून आलेलं, फोम शाबूत, आणि फुटलं तर जिवाला लागत नाही. अगदी शहाणपणाची वस्तू. लहान होडीवाले थर्माकोलचा खोका नेतात, तो दोन-चार महिन्यांत काठांनी झडतो आणि त्याचे पांढरे मणी दर्यात जातात, जे मला बघवत नाही. मी पफ (गारवा धरून ठेवणारा फोम) भरलेली सत्तर लिटरची पेटी घेतली होती. बाहेरून 28 इंच लांब, 16 रुंद, 16 उंच. रिकामी दहा किलोच्या आत, पण बर्फ आणि मासे भरले की साठ किलोला टेकते.

ही पेटी आम्ही काथ्याच्या दोरीने मधल्या बाकाला आवळत होतो. दोरी सारखी सैल पडायची. पेटीचा बूड रिबांवर घासून जेलकोट, म्हणजे फायबरचा वरचा गुळगुळीत थर, पांढरट पडायला लागला होता. तळात साचलेलं पाणी पेटीच्या भोवती खेळायचं, आणि पेटीच्या बुडातली पाणी सोडायची गुडदी (बूच) नेमकी अशा जागी यायची की हात पोचत नव्हता. तेव्हा पावसाळ्यात होडी वर काढली की पेटीसाठी एक धड बैठक करायची, असं ठरलं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिकी मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत होडी माडाच्या झापांखाली शाकारून ठेवलेली असते आणि किनाऱ्यावरच्या माणसाला हाताला काम हवं असतं. पण एक गोष्ट होडी पाण्यात असतानाच करून घ्यावी लागते. ती सुचवली शेजारच्या आबांनी. आबांनी उमेदीच्या काळात लाकडी होड्या बांधल्या आहेत. आता गुडघे चालत नाहीत, पण तोंड व्यवस्थित चालतं.

"पेटी खय ठेवतंस ता नंतर बघ," ते म्हणाले, "आधी होडी काय म्हणता ता बघ."

म्हणून मेच्या अखेरीस, खाडीच्या शांत पाण्यात, आम्ही पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे तीन जार होडीत घेतले. तीन जार म्हणजे साठ किलो, भरलेल्या पेटीएवढं वजन. ते आधी पाठीमागच्या बाकापाशी ठेवले. इंजिन चाळीस किलोच्या आसपास, ते चालवणारा मी पंच्याहत्तर, त्यात हे साठ. होडी मागे इतकी बसली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, आभाळाकडे बघायला लागली. वेग वाढवला तर समोरचं पाणीच दिसेना. मग जार नाळेत नेले. होडी सरळ झाली, पण बाजूने जाणाऱ्या बोटीची लाट आली तेव्हा नाळ ती लाट चढायच्या ऐवजी तिच्यात घुसायला बघायची. मधल्या बाकाच्या लगेच पुढे, मधोमध ठेवले तेव्हा होडी बरोबर बसली. दरवेळी काठाबाहेर पाण्याच्या रेषेवर खडूने खूण केली, त्यामुळे नंतर वाद घालायला जागा उरली नाही.

उंचीचंही तेव्हाच कळलं. जार बाकावर ठेवले तर होडी काठाला कलताना परत यायला वेळ घेते. तेच तळाशी ठेवले की झटकन सावरते. इंटरनेटवर अमेरिकेतल्या होड्यांचे फोटो दिसतात, त्यात पेटी पाठीमागे उंच मांडणीवर टांगलेली असते. त्यांच्या होड्या रुंद, पाणी बहुधा तळ्याचं. आपल्या अरुंद होडीला आणि आपल्या दर्याला ते मानवणार नाही. पेटी जितकी खाली बसवता येईल तितकी खाली, फक्त बुडाखालून पाणी वाहून जाईल एवढी वर.

आता माल. यात बरेच दिवस गेले, कारण माल कसला घ्यावा याबद्दल ज्याला विचारावं त्याचं मत वेगळं.

पीव्हीसी पाइपचा सांगाडा सर्वांत सोपा. कापा, एल्बो लावा, सोल्यूशन फासा, झालं. गळाच्या काठ्या उभ्या ठेवायला मी स्वतः पीव्हीसीच वापरतो. पण उन्हात तो पाइप दोन-तीन वर्षांत कडकडीत होतो, आणि होडी लाटेवरून खाली आपटते तेव्हा साठ किलोचं ओझं क्षणभर दीड-दोनशे किलोंचा मार देतं. तो मार नेमका सांध्यावर बसतो.

स्टेनलेस स्टील म्हटलं तर सगळे मान डोलावतात. कुडाळच्या एका दुकानात पाइप बघायला गेलो. दुकानदाराने खिशातून लोहचुंबक काढलं, पाइपला लावलं, चिकटलं नाही, आणि "बघा, अस्सल!" असं म्हणाला. आता यात गंमत अशी की 202, 304 आणि 316 या तिन्ही जातींना चुंबक सहसा चिकटत नाही. 202 मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं; ते घरातल्या जिन्याच्या कठड्याला ठीक, दर्याच्या खाऱ्यात एका मोसमात त्यावर तपकिरी डाग उठतात. 304 त्याहून बरं. खाऱ्या पाण्यासाठी 316, कारण त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि मिठातल्या क्लोराइडपुढे तेच टिकाव धरतं. ते आहे की नाही हे ओळखायला थेंब टाकायची रसायनं मिळतात. चुंबकाने त्यातलं काही कळत नाही. पूर्ण सांगाडा 316 चा करायचा तर पाइप, मग आर्गन वेल्डिंग, आणि पेटीपेक्षा तिची बैठक महाग.

अॅल्युमिनियमचा मोह मला जास्त झाला. खिडक्यांचं सेक्शन सगळीकडे मिळतं, हलकं असतं, हॅक्सॉने कापता येतं. पण अॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट मारला आणि त्यावर खारं पाणी पडत राहिलं की त्या दोन धातूंमध्ये बारीक वीज खेळते आणि बोल्टभोवतीचं अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं. नायलॉनचे वॉशर घालून दोघांना वेगळं ठेवता येतं, पण ते वॉशर दर वर्षी बघत बसावं लागतं. मी बघत बसणार नाही हे मला माहीत आहे.

शेवटी लाकूड. पडवीचं जुनं दार बदललं तेव्हाची सागवानी चौकट माळ्यावर पडून होती. साग पाण्याला दबत नाही, फुगत-आकसत कमी, आणि फुकट. आबांना हे इतकं पटलं की त्यांनी स्वतःची खाच घालायची पटाशी काढून दिली, आणि ती पटाशी त्यांच्या घरच्यांनाही हात लावायची मुभा नाही.

मापाला मी टेपवर विसंबलो नाही. होडीत सरळ अशी एकही रेषा नसते. टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, तो रिबांवर बसेपर्यंत कातरत गेलो, आणि तो पुठ्ठा लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली. दोन रिबांमधलं अंतर 14 इंच, रिबांची उंची तीन. नाळेकडे तळ हळूहळू वर चढतो, म्हणजे पुढचं लाकूड मागच्यापेक्षा पातळ करावं लागतं. पण अगदी पातळीतही आणायचं नव्हतं. पेटी मागच्या बाजूला अर्धा इंच उतरती हवी होती, कारण गुडदी मागे, आणि होडी थांबलेली असो वा चालती, तिचा कल मागेच असतो. पाणी आपोआप गुडदीपाशी येतं.

चौकट आतून 29 बाय 17 इंच. पेटीच्या चारही अंगांना अर्धा-अर्धा इंच मोकळं. लांबीच्या दोन पट्ट्या दोन इंची, त्यावर तीन आडव्या. सांध्यावर दोन्ही लाकडांना निम्मी-निम्मी खाच घालून एकमेकांत बसवलेली. चार कोपऱ्यांना फक्त साडेतीन इंच उंचीचे खुंट. माझा भाऊ म्हणत होता, खुंट चांगले फूटभर उंच कर, पेटी हलणारच नाही. पण मग साठ किलोची पेटी बाहेर काढताना ती फूटभर वर उचलायची, तीही डुलत्या होडीत, वाकून. कमरेचं काय? खुंटाचं काम पेटी सरकू न देण्याचं, तेवढं साडेतीन इंचांत होतं. उसळू न देण्याचं काम दोरीचं.

सांध्यांना मात्र बोल्ट 316 चेच घातले. आठ एमएमचे मोजके बोल्ट आणि नायलॉनच्या नट, मुंबईच्या नागदेवीतून मेव्हण्याने घेतले आणि तुतारी एक्स्प्रेसने येताना खिशात घालून आणले. बोल्टचं भोक थेट पाडलं नाही. आधी मोठं भोक पाडून त्यात इपॉक्सी भरलं, ते वाळल्यावर मधून आठ एमएमचं पाडलं. त्यामुळे बोल्टभोवती लाकूड नसून इपॉक्सीची नळी असते आणि पाणी लाकडाच्या पोटात शिरत नाही. सागाला स्वतःचं तेल असतं, इपॉक्सी त्यावर नीट धरत नाही. म्हणून भरण्याआधी भोक थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यायचं.

बाकी लाकडाला रंग नाही, काजूच्या टरफलाचं तेल. आमच्याकडे होडीच्या लाकडाला ते पूर्वापार लावतात, वाळवी आणि कीड दोन्ही लांब राहतात. रॉकेल मिसळून पातळ करायचं आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही. कातडीवर पडलं तर भाजल्यागत फोड येतात. पावसात ते वाळायला इतका वेळ लागला की आई रोज विचारायची, "अजून चिकट असा काय रे?"

आता मुद्द्याची गोष्ट: ही चौकट होडीला धरून कशी ठेवायची?

तळाला भोक पाडायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. सीलंट कितीही चांगलं असलं तरी पाण्याच्या रेषेखालचं भोक ते भोकच. बरं, चौकट रेझिनने तळालाच चिकटवून टाकावी, तर तेही चुकीचं. फायबरचा तळ लाटेवर थोडा लवतो, लवायलाच हवा. त्याच्या मध्येच एक ताठ तुकडा गच्च बसवला की लवणं त्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबतं आणि तिथे जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यागत बारीक तडे जातात. म्हणून चौकट रिबांवर नुसती टेकलेली, मध्ये ट्रकच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी. आणि तिला खाली धरून ठेवायला चार ठिकाणी दोरी.

मागच्या दोन दोऱ्या मधल्या बाकाखालून घेता आल्या. पुढे बांधायला काही नव्हतं. मी स्टीलच्या कड्या रिबांवर बसवायचं म्हणत होतो. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "लोखंड कित्याक होया? लाकडाक भोक पाड, दोरी घाल."

तसंच केलं. सागाचे दोन ठोकळे, चार इंच लांब, दोन इंच जाड. त्यांना आरपार भोक, भोकात वायरिंगच्या पाइपचा तुकडा, म्हणजे दोरी लाकडाला घासणार नाही. ठोकळ्याच्या कडा रंध्याने गोल केल्या, कारण फायबरची मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) टोकदार कोपऱ्यावर वळत नाही, तिथे हवा राहते. मग ते ठोकळे रिबांवर ठेवून वरून मॅट आणि रेझिन.

फायबरचं काम जुलैत करणं म्हणजे पावसाशी लपंडाव. ओल आली की पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही, वरून चिकट राहतं. होडीवर झापांच्या वर ताडपत्री ओढली, आत दोन दिवस साठचा बल्ब लावून ठेवला, आणि एक उघाडीची सकाळ बघून सुरुवात केली. जुनं फायबर चाळीस नंबरच्या पॉलिशपेपरने चांगलं खरवडलं. नव्या रेझिनची जुन्याशी मुळात दोस्ती नसते. ते धरतं ते खरवडलेल्या ओरखड्यांच्या जोरावर. मग अॅसिटोनने पुसलं. ते खरवडणं फार वाईट काम आहे. काचेची धूळ मनगटावर, मानेवर बसते आणि रात्रभर खाजतं. पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला मास्क, आणि नंतर गार पाण्याने अंघोळ. गरम पाणी घेतलं तर कातडीची रंध्रं उघडतात आणि काच आणखी आत बसते, असं फायबरवाले सांगतात.

रेझिन दुकानातूनच कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) घातलेलं, जांभळट, मिळतं. घरी फक्त हार्डनर मिसळायचा. किलोला पंधरा-वीस एमएल, म्हणून दोनशे ग्रॅमच्या वाटीला तीन-चार एमएल, औषधाच्या सिरिंजने मोजून. कुणी कोबाल्ट वेगळं आणून घरी मिसळत असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी ओतायचे नाहीत. भडका उडतो. एक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग दुसरं. मिसळल्यावर हाताशी पंधरा-वीस मिनिटं असतात. साडेचारशे जीएसएमच्या मॅटचे तीन थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा इंचभर मोठा, ब्रशने ठोकून ठोकून हवा बाहेर. पांढरी मॅट रेझिन पिऊन काचेसारखी आरपार झाली म्हणजे थर बसला. पांढरा ठिपका राहिला म्हणजे तिथे हवा आहे.

दोन दिवसांनी त्या ठोकळ्यांतून दोरी घालून मी आणि भाऊ, दोघांनी मिळून ओढून बघितली. होडीच किंचित हलली, ठोकळा जागचा हलला नाही. आबा काठी टेकत आले, चौकट बघितली, पेटी तिच्यात ठेवून बघितली आणि म्हणाले, "ही घडवंची झाली मरे!" घडवंची म्हणजे पाण्याच्या घागरी ठेवायची लाकडी मांडणी; तेव्हापासून घरात तिचं नाव घडवंची.

दोरीवरून मात्र आमचं जुंपलं. मला ट्रकवाल्यांचे कड्यांचे पट्टे हवे होते, खटखट केलं की आवळतात. ते पट्टे बरे, पण त्यांचं खटकं साध्या लोखंडाचं, वर नुसता जस्ताचा मुलामा. खाऱ्यात महिन्याभरात अडकायला लागतं. आबांचं म्हणणं वेगळंच होतं. "होडी उलटली तर ही पेटी पाण्यार तरंगतली. पण ती बांधून रवली तर होडीवांगडाच ऱ्हवतली. एका हातान सुटाक होयी."

बोलणं मला पटलं. झाकण घट्ट असलेली पफची पेटी खरंच तरंगते, दोन माणसांना धरायला आधार होते. लाइफजॅकेट अंगावर हवंच, पेटी काही त्याच्या जागी नाही. पण पाण्यात पडल्यावर ओल्या हाताने, दात आवळून, खटकं सोडवत कोण बसणार? म्हणून आठ एमएमची पॉलिएस्टर दोरी घेतली. नायलॉन भिजली की ताणते, पॉलिएस्टर तेवढी ताणत नाही. एक टोक कायमचं, दुसऱ्या टोकाला झाकणावरून घेऊन ट्रकवाल्याची गाठ, आणि शेवटचा वेढा फासाचा: शेपटी ओढली की सगळं सुटतं. शेपटीला लाल चिंधी बांधलीय, अंधारातही हाताला लागते. झाकण दर वेळी सोडायला लागू नये म्हणून दोरी दोन टोकांना घेतली आहे, मधला अर्धा भाग मोकळा. माझ्या पेटीचं झाकण दोन भागांचं असल्यामुळे हे जमलं. एकसंध झाकण असेल तर दोरी पेटीच्या मुठींना बांधावी.

आता पाणी. बर्फाचं पाणी सोडावं की पेटीतच ठेवावं, यावर किनाऱ्यावर दोन पक्ष आहेत. ठेवणाऱ्यांचं म्हणणं, पाणी गार आहे, ते टाकलं तर गारवा टाकला. ते चूक नाही. मासा पटकन गार करायला बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा काला सर्वांत उत्तम. नुसत्या बर्फाच्या तुकड्यांत हवेच्या फटी असतात, पाणी माशाला सगळीकडून भिडतं. म्हणून मासा आला की आम्ही आधी त्याला बादलीतल्या खाऱ्या काल्यात बुडवतो. पण दिवसभर ठेवायला नाही. बर्फ वितळून झालेलं पाणी गोडं. त्यात रक्त आणि घाण मिसळते, मासा त्यात भिजत पडला की मऊ होतो, रंग उतरतो. "बर्फाचा पाणी माशाक लावू नको, डोळे पांढरे जातत," हे आबांचं, आणि खानावळीतल्या बाईचंही.

सोडायचं कुठे? होडीचा तळ बाहेरच्या पाण्याच्या पातळीखाली असतो, त्यामुळे नळी थेट बाहेर काढता येत नाही; बाहेरचंच पाणी आत येईल. तळात सोडलं तर रक्ताळ पाण्यावर पाय घसरतो आणि होडीला वास सुटतो. गुडदीच्या जागी अर्ध्या इंचाची छोटी कॉक बसवली, तिला गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप, ती मधल्या बाकाखालून मागे आणून पाच लिटरच्या तेलाच्या आडव्या कॅनमध्ये सोडली. कॅन इंजिन चालवणाऱ्याच्या पायाशी येतो. भरला की उचलून काठाबाहेर ओतायचा. पारदर्शक नळीचा फायदा असा की खवला अडकला तर दिसतो.

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि त्यानंतरच्या पहिल्या बऱ्या सकाळी निघालो. संगमावर लाट होतीच. होडी दोनदा चांगली आपटली. रबरावर चौकट दबल्याचा हलका धप्प आवाज आला, पेटी जागची हलली नाही. भाऊ पुढे बसला होता, तो पेटीला पाठ टेकून बसला, आणि त्यानंतर दर वेळी तिथेच बसतो.

बर्फ किती न्यायचा याचाही आता अंदाज बसलाय. दहा किलो मासा 28 अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबाने तीनेक किलो बर्फ पुरतो. उरलेला सगळा बर्फ ऊन, पेटीच्या भिंती आणि आपण झाकण उघडून बघत राहतो त्यात जातो. आपल्याकडच्या उन्हात माशाएवढाच बर्फ न्यावा असं सांगतात ते याचसाठी. आम्ही पंधरा किलो नेतो, लादी फोडून, अर्धा बारीक चुरा आणि अर्धे मोठे तुकडे. चुरा माशाला भिडतो, मोठे तुकडे टिकतात. पेटीवर ओलं गोणपाट टाकतो. आणि घडवंचीमुळे बुडाखालून वारा खेळतो, तापलेल्या फायबरवर पेटी टेकत नाही. पूर्वी दुपारी परतताना पेटीत बर्फाचं नुसतं पाणी असायचं. आता तळाला मुठीएवढे खडे उरतात. यात घडवंचीचा वाटा किती आणि गोणपाटाचा किती, हे मला वेगळं काढता येणार नाही.

बांगडा आणि सुरमईच्या बाबतीत हा बर्फ चवीपुरता नाही. हे मासे उन्हात पडून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवून जात नाही. तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकं ठणकणं. लोक म्हणतात "मासा बाधला". मासा बहुतेकदा होडीतच तापलेला असतो.

खर्च साडेतीन हजारांच्या आत बसला, त्यात सर्वांत मोठा आकडा बोल्ट आणि रेझिनचा. लाकूड विकत घ्यावं लागलं असतं तर दुप्पट. चौकटीच्या आडव्या पट्ट्यांवर भाजी कापायच्या पांढऱ्या प्लास्टिक बोर्डाच्या पट्ट्या मारल्यात, पेटी आत-बाहेर सहज सरकते. आणि चारही गाठी सोडल्या की घडवंची उचलून बाहेर येते, खालचा तळ धुता येतो. हे काढता येणं मला सर्वांत उपयोगी वाटलं. एरवी होडीत जे एकदा बसतं त्याच्या खाली काय साचतंय ते कुणी बघत नाही.

दोऱ्या दर मोसमाला बदलणार आहे, त्या स्वस्त आहेत. पुढच्या पावसात डाव्या खुंटाला सुरी आणि आमिषाच्या डब्यासाठी एक फळी जोडायची आहे. देवबागच्या एकाने त्याच्या होडीसाठी माझी मापं मागितली. त्याच्या रिबांमधलं अंतर वेगळं आहे, माझी मापं त्याला बसणार नाहीत. त्याला म्हटलं, आधी पाण्याचे जार घेऊन खाडीत जा, आणि येताना टीव्हीचा खोका शोध.